चारचौघांचे दडपण: माणूस समूहामागे का जातो?

एका खोलीत सात-आठ महाविद्यालयीन तरुण ओळीने बसले आहेत. समोर दोन पांढरे पुठ्ठे उभे केले आहेत. पहिल्या पुठ्ठ्यावर एकच उभी काळी रेघ आहे. दुसऱ्यावर तीन रेघा असून त्यांपैकी नेमकी एक पहिल्या रेघेइतकी लांब आहे. ती कोणती, एवढेच प्रत्येकाने बसल्या क्रमाने मोठ्याने सांगायचे आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांचे उत्तर एकच येते आणि हे काम फारच कंटाळवाणे होणार असे वाटू लागते. तिसऱ्या फेरीत मात्र पहिला तरुण अगदी निर्विकारपणे चुकीच्या रेघेचा क्रमांक सांगतो. दुसरा तोच क्रमांक सांगतो, तिसराही तोच. शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसलेला तरुण चमकतो, पुठ्ठ्याकडे पुन्हा निरखून पाहतो, शेजाऱ्यांचे चेहरे न्याहाळतो, आणि तेवढ्यात त्याची पाळी येते.

हा प्रयोग सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रचला. १९०७ मध्ये वॉर्सात जन्मलेले आणि १९२० मध्ये अमेरिकेत आलेले ॲश त्या काळी पेन्सिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात शिकवत होते. खोलीतील त्या एका तरुणाखेरीज बाकी सगळे त्यांना आतून सामील होते. कोणत्या फेरीत कोणते चुकीचे उत्तर एकमुखाने द्यायचे, हे त्यांना आधीच पढवून ठेवलेले असे; १८ पैकी १२ फेऱ्यांत ते जाणूनबुजून चुकत. कोणी दडपण आणणारे नसताना या कामात लोकांच्या हातून होणाऱ्या चुका एका टक्क्याहूनही कमी होत्या, इतके ते सोपे होते. तीन वेगवेगळ्या संस्थांतील १२३ तरुणांना या परिस्थितीतून नेल्यावर असे दिसले की, दडपणाच्या फेऱ्यांत त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी ३६.८ टक्के उत्तरे समूहाच्या चुकीशी जुळणारी होती.

सामाजिक मानसशास्त्रात ज्याला अनुरूपता म्हणतात, म्हणजे समूहाचे मत, वागणे किंवा उत्तर पाहून माणसाने आपले मत, वागणे किंवा उत्तर त्याप्रमाणे बदलणे, तिचा विषय निघाला की हा आकडा हमखास सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा तो ‘माणूस शेवटी मेंढरूच’ असा निष्कर्ष काढण्यासाठी सांगितला जातो. ही मांडणी मला अर्धवट वाटते. उरलेली जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरे बरोबर होती, ही गोष्ट त्यात गाळली जाते. सुमारे एक-चतुर्थांश तरुण तर बाराच्या बारा फेऱ्यांत एकदाही वाकले नाहीत. सुमारे तीन-चतुर्थांश तरुण एकदा तरी वाकले आणि मोजके काही जण जवळजवळ प्रत्येक वेळी वाकले. म्हणजे ३६.८ टक्के ही सरासरी असून तिच्या पोटात अगदी वेगवेगळ्या स्वभावाची आणि वेगवेगळ्या कारणांनी वागणारी माणसे दडलेली आहेत. स्वतः ॲश यांना लोकांचे स्वतंत्र राहणे हा लोकांच्या वाकण्याइतकाच अभ्यासाचा विषय वाटत होता. तरीही हुशार आणि सद्भावनेने वागणारी तरुण मुले पांढऱ्याला काळे म्हणायला तयार व्हावीत, याची त्यांना काळजी वाटली आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली.

मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग आकड्यांचा वाटत नाही. प्रयोग संपल्यावर ॲश यांनी प्रत्येक तरुणाला समोर बसवून विचारपूस केली, त्या वेळी मिळालेली उत्तरे अधिक बोलकी आहेत. वाकलेल्यांपैकी काहींनी सांगितले की, इतके लोक एकच म्हणत आहेत त्या अर्थी ते बरोबर आणि आपण चूक, असे आपल्याला खरोखरच वाटले. काहींना ॲश यांच्या प्रयोगाचा निकाल बिघडवायचा नव्हता. काहींना तर शंका आली होती की पहिला माणूस चुकला आणि बाकीचे त्याच्यामागे वाहवत चालले आहेत, किंवा सगळ्यांनाच दृष्टिभ्रम झाला आहे. पण ही शंका मनात असूनही उत्तर देण्याच्या क्षणी ती त्यांच्या कामी आली नाही. सर्वांत अस्वस्थ करणारे होते ते आणखी वेगळे तरुण: इतरांपेक्षा आपल्याला वेगळे दिसते म्हणजे आपल्यातच काही तरी खोट आहे आणि ती कोणाच्या लक्षात येता कामा नये, अशा भावनेने ते बहुमतात मिसळून गेले. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळ्या वाकणाऱ्यांना समान होती. आपण किती वेळा वाकलो, असे विचारल्यावर प्रत्येकाने खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला.

ही उत्तरे नीट वाचली तर त्यांत दोन निरनिराळे प्रश्न दिसतात. पहिला प्रश्न ‘खरे काय आहे?’ हा आहे, आणि तो सोडवण्यासाठी माणूस इतरांच्या उत्तरांचा पुरावा म्हणून उपयोग करतो. दुसरा प्रश्न ‘मी वेगळे बोललो तर माझे काय होईल?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना माणूस रेघेकडे पाहत नाही, शेजाऱ्यांकडे पाहतो. मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड या दोघांनी १९५५ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला. पहिल्याला माहितीचा प्रभाव आणि दुसऱ्याला समूहाच्या अपेक्षांचा प्रभाव म्हणता येईल. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, पण ते वेगळे ओळखता आले नाहीत तर अनुरूपतेविषयीची चर्चा नेहमीच ‘दुबळी माणसे आणि खंबीर माणसे’ या ठिकाणी येऊन अडकते.

माहितीचा प्रभाव समजून घ्यायचा तर ॲश यांच्याही आधी जावे लागते. तुर्कस्तानात जन्मलेल्या मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये आपले प्रसिद्ध प्रयोग मांडले. पूर्ण अंधाऱ्या खोलीत काही अंतरावर प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखवला की थोड्या वेळाने तो हलल्यासारखा वाटू लागतो. आजूबाजूला तुलनेसाठी काहीच दिसत नसल्याने डोळ्यांना होणारा हा भ्रम आहे. ठिपका किती हलला, हे शेरीफ यांनी लोकांना विचारले. एकेकट्याला विचारले असता प्रत्येकाचा अंदाज निराळा येई. मग दोघा-तिघांना एकत्र बसवून सर्वांसमक्ष अंदाज सांगायला लावल्यावर काही फेऱ्यांतच ते अंदाज एकमेकांजवळ सरकू लागले आणि त्या छोट्या समूहाचे एक ठरावीक माप तयार झाले. कोणी कोणाला धमकावले नव्हते, कोणी कोणाला हसले नव्हते. पुढे त्याच माणसांना पुन्हा एकेकटे बसवले तेव्हाही ती समूहाचे माप सोबत घेऊनच अंदाज सांगत राहिली. हे नुसते तोंडदेखले मान डोलावणे नव्हते. समूहाचे माप त्यांच्या पाहण्यातच उतरले होते.

रूढी कशा टिकतात, याचा एक लहानसा नमुना याच ठिपक्यातून पुढे मिळाला. १९६१ मध्ये जेकब्ज आणि कॅम्बेल यांनी समूहात आधी आपली माणसे बसवून मुद्दाम फुगवलेले अंदाज सांगायला लावले, आणि मग त्यांपैकी एकेकाला काढून त्याच्या जागी नवखा माणूस आणत गेले. लवकरच समूहात मूळच्या पढवलेल्या माणसांपैकी एकही उरला नाही, तरी फुगवलेले माप त्यानंतर चार-पाच पिढ्या, म्हणजे माणसांच्या तितक्या अदलाबदली, तग धरून राहिले. मग मात्र ते हळूहळू ओसरले. ज्यांना कोणी काहीच पढवले नव्हते अशी माणसे ते माप प्रामाणिकपणे पुढच्यांच्या हवाली करत होती, हे मला विशेष लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

या प्रकारच्या अनुसरणात मूर्खपणा काहीच नाही. परक्या शहरात स्टेशनबाहेर पडल्यावर जिकडे गर्दी चालली आहे तिकडे रस्ता असणार, असे आपण धरून चालतो आणि बहुधा ते बरोबरच निघते. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी स्वतः पडताळून पाहिलेल्या किती, असा हिशोब कोणी केला तर तो फारच तोकडा भरेल. १९६९ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या पदपथावर माणसे उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरील खिडकीकडे टक लावून पाहायला सांगितले. एकच माणूस वर पाहत असताना जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. पंधरा माणसे पाहत असताना ४० टक्के थांबले. खिडकीत पाहण्यासारखे काहीही नव्हते, पण पंधरा माणसे एका जागी मान वर करून उभी आहेत म्हणजे तिथे काही तरी असेल, हा तर्क वावगा म्हणता येणार नाही.

हा तर्क कुठे घात करतो, हे १९९६ च्या एका प्रयोगात चांगले दिसते. रॉबर्ट बॅरन आणि सहकाऱ्यांनी साक्षीदाराने संशयिताला ओळखण्यासारखे काम दिले. काम सोपे असताना, म्हणजे चित्र पुरेसा वेळ दाखवले असताना, ‘हे फार महत्त्वाचे आहे’ असे बजावल्यावर लोक समूहाकडे कमी पाहू लागले आणि स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विसंबले. काम अवघड केले, चित्र क्षणभरच दाखवले, तेव्हा मात्र महत्त्व वाढवताच लोक समूहाच्या उत्तराकडे अधिक झुकले. जिथे चूक महागात पडणार आणि नीट दिसलेलेही नाही, तिथेच आपण इतरांवर सर्वाधिक भिस्त ठेवतो. इतरांनाही नीट दिसलेले नसेल, ही शक्यता अशा वेळी सहसा मनात येत नाही.

आता रेघांकडे परत येऊ. तिथे नीट न दिसण्याचा प्रश्न नव्हता. ॲश यांनी रेघांतला फरक वाढवत नेऊन असा टप्पा शोधण्याचा प्रयत्न केला की जिथे चूक इतकी ढळढळीत असेल की कोणीच वाकणार नाही. पण फरक ७ इंचांचा केल्यावरही काही जण वाकलेच. इथे समूहाच्या अपेक्षांचा प्रभाव काम करत होता, आणि त्याची किंमत किती खरी असते हे ॲश यांनीच उलटा प्रयोग करून दाखवले. या खेपेला १६ जणांचा समूह खरोखरच अजाण होता आणि चुकीचे उत्तर देणारा पढवलेला माणूस एकटाच होता. त्याने चुकीचा क्रमांक सांगताच खोलीत हशा पिकला. म्हणजे पहिल्या प्रयोगातल्या एकट्या तरुणाच्या मनात जी भीती होती ती काल्पनिक नव्हती. वेगळे उत्तर देणाऱ्याला लोक खरेच हसतात, आणि एरवी सुस्वभावी असलेले लोकही हसतात. तो तरुण कागदावर गुपचूप उत्तर लिहू शकत असे त्या प्रकारात वाकण्याचे प्रमाण पुष्कळच उतरले, यावरूनही तेच दिसते.

लोकांच्या हसण्यापुढची पायरी म्हणजे वाळीत टाकणे, आणि मराठी समाजाच्या इतिहासात तिचा एक गाजलेला दाखला आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या शहरातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणताच मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकण्याचा खटला, उभे केले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या नावांत टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारक मंडळींनी त्यांना बोल लावले. चहा पिणे हे पाप आहे असे रानड्यांना पटले, असे कोणीही म्हणणार नाही. मित्रांना आणि त्यांच्या घरच्यांना बहिष्कारामुळे सोसाव्या लागणाऱ्या अडचणी समोर होत्या. वरवरचे मान तुकवणे आणि मनोमन मत बदलणे यांत मानसशास्त्र जो फरक करते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला आठवत नाही. अशी किंमत आकारण्याची जातपंचायतींची ताकद आजही इतकी आहे की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ च्या या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

बक्षीस ठेवूनही असाच परिणाम साधता येतो. डॉइच आणि जेरार्ड यांनी काही गटांना सांगितले की, सर्वांत कमी चुका करणाऱ्या गटांना नाटकाची तिकिटे मिळतील. बक्षीस अचूकतेसाठी होते, त्यामुळे प्रत्येकाने अधिकच आग्रहाने स्वतःला दिसेल तेच सांगायला हवे होते. झाले उलटेच: समूहामागे जाऊन केलेल्या चुका जवळजवळ दुप्पट झाल्या. ‘आपण सगळे एक आहोत’ ही भावना जिथे जागवली जाते तिथे वेगळे बोलणारा गटाचे नुकसान करणारा ठरतो, हे क्रिकेटच्या संघापासून कार्यालयातल्या विभागापर्यंत अनेकांनी अनुभवले असेल.

पण समूहाच्या ताकदीचे खरे मर्म संख्येत नाही, एकमुखीपणात आहे. समोर विरोधात एकच माणूस असताना ॲश यांचे तरुण जवळजवळ वाकतच नसत. दोघे विरोधात गेल्यावर चुका १३.६ टक्क्यांवर गेल्या, तिघे गेल्यावर ३१.८ टक्क्यांवर, आणि त्यानंतर विरोधकांची संख्या पंधरापर्यंत वाढवली तरी फारसा फरक पडला नाही. मग ॲश यांनी त्या एकट्या तरुणाला एक सोबती दिला, जो प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देई. चुका पूर्वीच्या एक-चतुर्थांशावर उतरल्या. बहुमत तेवढेच मोठे, तेवढेच ठाम, आणि तरी त्याची जादू उतरली. अशा तरुणांना सोबत्याविषयी मोठी जवळीक वाटे, पण त्याच्यामुळे आपल्याला बळ मिळाले हे मात्र त्यांतले बरेच जण मान्य करत नसत. तो नसता तरी आम्ही हेच उत्तर दिले असते, असे ते म्हणत.

सोबती बरोबरच असला पाहिजे असेही नाही. एका प्रकारात वेगळे बोलणारा माणूस बहुमतापेक्षाही अधिक चुकीची रेघ निवडत असे. तो कोणत्याही अर्थाने त्या तरुणाच्या बाजूचा नव्हता. तरीही तरुणांच्या चुका ९ टक्क्यांवर आल्या. एकाने फूट पाडली की ‘सगळेच असे म्हणतात’ हे वाक्य खोटे ठरते आणि दुसऱ्याला आपले उत्तर देण्यापुरती जागा मोकळी होते. मग त्या पहिल्याचे मत कितीही चमत्कारिक असो. सभेत उगाच फाटे फोडणारा म्हणून ज्याच्यावर सगळे वैतागतात, तो अशा वेळी स्वतःच्या नकळत काय करत असतो, याचा विचार त्या दृष्टीने करून पाहण्यासारखा आहे.

सोबती मध्येच निघून गेला तर काय होते, याचीही पाहणी ॲश यांनी दोन तऱ्हांनी केली. एका तऱ्हेत सोबती पहिल्या सहा फेऱ्यांनंतर बहुमताला जाऊन मिळाला. त्या क्षणापासून तरुणाचे स्वातंत्र्य कोसळले आणि चुका जणू सोबती कधी नव्हताच इतक्या झाल्या. दुसऱ्या तऱ्हेत सोबत्याने अधिष्ठात्यांना भेटायला जायचे असल्याचे कारण सांगून खोली सोडली. त्यानंतरही चुका वाढल्या, पण पहिल्या तऱ्हेच्या मानाने बऱ्याच कमी. दोन्ही वेळी तरुण सारखाच एकटा पडला होता. पहिल्या वेळी त्याने साथीदाराला पलटताना पाहिले, दुसऱ्या वेळी नाही.

कधी कधी एकमुखी बहुमत अस्तित्वातच नसते, फक्त तसा देखावा असतो. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी प्रश्नावली भरायला बसवलेल्या माणसांच्या खोलीत भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवले. सोबत दोन पढवलेली, धुराकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे बसवली तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने सारत प्रश्नावली भरत राहिले. तिघेही अजाण असलेल्या गटांतसुद्धा जेमतेम ३८ टक्के गटांतून कोणी तरी कळवले. हे शेवटचे गट मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तिथे कोणीही नाटक करत नव्हते. प्रत्येक जण आपली धास्ती लपवून इतरांचे चेहरे पाहत होता, आणि इतरांनीही आपापली धास्ती लपवलेली असल्याने प्रत्येकाला खोलीत आपण सोडून सगळे निर्धास्त आहेत असे दिसत होते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ झालेल्या ठरावावर जिन्यात आणि वाहनतळावर निम्मे सभासद कुरकुरताना आढळतात, तेव्हा तिथेही बहुधा हेच झालेले असते.

मग एकटा माणूस समूहाला कधी हलवू शकत नाही काय? रुमानियात जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये काम केलेले सर्ज मॉस्कोव्हिसी यांनी अमेरिकी संशोधनाला नेमका हाच प्रश्न विचारला. १९६९ मध्ये त्यांनी सहा जणांचे गट केले आणि त्यांपैकी दोघांना पढवून निळ्या रंगाच्या पारदर्शिकांना हिरवे म्हणायला लावले. दोघांनी प्रत्येक वेळी न चुकता ‘हिरवा’ म्हटले तेव्हा उरलेल्या चौघांची ८.४२ टक्के उत्तरे ‘हिरवा’ आली; दोघे कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागल्यावर हे प्रमाण १.२५ टक्क्यांवर घसरले. आकडा लहान आहे, बहुमताच्या ताकदीशी त्याची बरोबरी नाही. पण अल्पमताला काही परिणाम साधायचा असेल तर त्याला बोलण्यातले सातत्य सोडून चालत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

हे सगळे प्रयोग एका विशिष्ट काळातले आणि मुख्यत्वे पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरचे आहेत, ही त्यांची मर्यादा दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९८० मध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी ब्रिटनमध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर ॲश यांचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा ३९६ फेऱ्यांत एकच विद्यार्थी एकदा वाकला. पण न्यायालयाने देखरेखीखाली सोडलेल्या तरुणांना बसवून त्यांच्याभोवती देखरेख अधिकारीच बहुमत म्हणून बसवले, तेव्हा आकडे पुन्हा ॲश यांच्या आकड्यांजवळ गेले. मोजमापाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला वेगळे उत्तर देण्यात काही गमवायचे नव्हते. ज्याची मोकळीक समोरच्या अधिकाऱ्याच्या अहवालावर अवलंबून, त्याला पुष्कळ गमवायचे होते. रॉड बॉण्ड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतील १३३ अभ्यास एकत्र पडताळले. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून हे प्रमाण उतरत आलेले त्यांना आढळले आणि जिथे समूहाला व्यक्तीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते अशा संस्कृतींत ते अधिक दिसले. मात्र अशा संस्कृतींत समूहाशी जुळवून घेणे हे दुबळेपण न मानता समंजसपणा मानला जातो, हे लक्षात न घेता या दुसऱ्या निष्कर्षावरून कोणत्याही समाजाला भेकड ठरवणे चूक होईल.

वाकण्याची सवय फार लवकर लागते, हेही आता ठाऊक आहे. डॅनियल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला. त्यात चित्रांच्या पुस्तकातील प्राणी ओळखायचे होते आणि एकाच मुलाचे पुस्तक गुपचूप वेगळे ठेवलेले असे. अशा २४ मुलांपैकी १८ मुले एकदा तरी इतर तिघांमागे गेली. उत्तर इतरांना कळणार नाही अशी सोय केल्यावर मात्र मुलांचे वाकणे कमी झाले. म्हणजे चार वर्षांच्या मुलालाही आपल्याला काय दिसते आणि चारचौघांत काय सांगायचे यांतला फरक कळत होता.

व्यवहारात याचा उपयोग करायचा झाला तर डॉइच आणि जेरार्ड यांच्या प्रयोगातील एक बारीकशी गोष्ट कामाची आहे. त्यांनी काही जणांना इतरांची उत्तरे ऐकण्यापूर्वीच आपले उत्तर लिहून ठेवायला सांगितले. काहींना त्यासाठी लहान मुलांची जादूची पाटी दिली, जिच्यावरचा कागद उचलला की लिहिलेले पुसले जाते. काहींना साधा कागद दिला आणि त्यावर सही करायला लावली. पाटीवर, म्हणजे कोणीही पाहणार नाही आणि लगेच पुसले जाईल अशा जागी लिहिल्यानेसुद्धा समूहामागे जाणे पुष्कळ घटले, आणि सही केलेल्या कागदाने ते आणखी घटले. बँकेच्या कर्ज समितीपासून शाळेच्या पालक सभेपर्यंत कुठेही हे करता येते: चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले मत चार ओळींत लिहायचे, चिठ्ठ्या गोळा करायच्या, त्या वाचून दाखवायच्या आणि मगच बोलायला सुरुवात करायची. अध्यक्षांनी किंवा सर्वांत ज्येष्ठ सभासदाने शेवटी बोलावे. या पद्धतीत एक धोकाही आहे. सही करून लिहिलेले मत माणूस चुकीचे असतानाही सोडायला तयार होत नाही, आणि चर्चेचा हेतूच मग फसतो. म्हणून माझी पसंती पाटीकडे आहे: चिठ्ठीवर नाव नको, आणि पहिले मत बदलले तर त्याचा जाब कोणी विचारू नये, एवढे दोन नियम सभेच्या सुरुवातीलाच सांगून टाकले तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला आपले मत मांडताही येते आणि दुसऱ्याचे ऐकून ते बदलताही येते.